जिवंत औषधाची पहिली परीक्षा

जून महिन्याची सहा तारीख रायगड जिल्ह्यात कोणाला शिकवावी लागत नाही. १६७४ साली त्या दिवशी गडावर राज्याभिषेक झाला, हे शाळकरी पोरही सांगेल. त्याच महिन्याची चार तारीख मात्र कोणाच्या ध्यानीमनी नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. कारण त्या दिवशी जे घडले ते चौघड्यावाचून, एका बंद खोलीत, पलंगावर पडलेल्या एका रोग्याच्या शिरेत घडले. ४ जून २०२१ रोजी खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अस्थिमज्जा-रोपण विभागात, भारतात प्रथमच ‘कार-टी’ नावाचा उपचार एका माणसावर करण्यात आला. खारघर नव्या मुंबईत मोडते असे आपण बोलताना म्हणतो. पण तालुका पनवेल आणि जिल्हा रायगडच. म्हसळ्याहून माणगावमार्गे मुंबईला जाणारी एस.टी. पनवेल ओलांडते, तेव्हा ही जागा फारशी दूर नसते. आपल्यापैकी कित्येकांनी त्या वाटेने आपल्या घरचे माणूस परळच्या किंवा खारघरच्या टाटात नेले असेल. ‘टाटात नेले आहे’ एवढे म्हटले की आपल्याकडे पुढचे कोणी विचारीत नाही. रोगाचे नाव न घेता ते सांगण्याची ती एक रीतच होऊन बसली आहे.

त्या चार जूनपर्यंत आपण कसे येऊन पोहोचलो आणि त्या पहिल्या परीक्षेत नेमके काय पणाला लागले होते, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम ‘पहिली परीक्षा’ म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. नव्या औषधाची चाचणी टप्प्याटप्प्याने होते, हे करोनाच्या साथीत वर्तमानपत्रांतून बहुतेकांनी वाचले असेल. शेवटच्या टप्प्यात हजारो माणसे असतात, आणि औषध चालते की नाही हा तेथला प्रश्न असतो. पहिल्या टप्प्यात माणसे असतात दहा-वीस, आणि तेथला प्रश्न निराळाच असतो. हे द्रव्य माणसाला किती सोसते? केवढ्या मात्रेपाशी ते अपाय करू लागते? म्हणून थोड्या मात्रेने आरंभ करावयाचा, दोन-तीन माणसांना द्यावयाचे, थांबावयाचे, पाहावयाचे, आणि मगच मात्रा वाढवावयाची. साध्या तापाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधाची ही पहिली पायरी पुष्कळदा निरोगी माणसांवर घेतात. कर्करोगाची उग्र औषधे मात्र निरोगी माणसाला टोचणे हा अन्यायच होईल. तेथे ज्याचे इतर सारे उपाय थकले आहेत असा रोगी घेतात. आता मौज म्हणा, दुःख म्हणा, ते असे की हा रोगी आपल्याबरोबर स्वतःचा प्रश्न घेऊन येतो: ‘मी यातून बरा होईन का?’ चाचणी विचारते एक आणि माणूस विचारतो दुसरेच. हे दोन प्रश्न एका खोलीत प्रामाणिकपणे कसे बसवावयाचे, हाच माझ्या मते या सर्व इतिहासाचा गाभा आहे. आणि त्याचा आरंभ मुंबईत २०२१ च्या पुष्कळ आधी झालेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच महिन्यांत शहर ओस पडू लागले. लाखो माणसे जीव घेऊन पळाली आणि कोकणच्या बंदरांत त्यांची गलबते लागली. त्याच सुमारास ओडेसाचा एक ज्यू शास्त्रज्ञ, वाल्डेमार हाफकिन, मुंबईत येऊन दाखल झाला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्याने प्लेगचे जंतू वाढवावयास घेतले. त्यासाठी गोमांसाचा काढा वापरता तर हिंदू बिथरते, डुकराचा वापरता तर मुसलमान. तेव्हा त्याने शेळीचे मांस वापरले, आणि जंतूंची वाढ नीट लोंबत राहावी म्हणून त्या काढ्यावर तुपाचे थेंब सोडले. आपल्या देवघरातले तूप प्लेगच्या लशीत उपयोगी पडले ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटत आली आहे. असो. जंतू वाढवून, उष्णतेने मारून जी लस तयार झाली ती हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा कोणाला टोचली? स्वतःला. मात्राही थोडीथोडकी नव्हे, पुढे लोकांना द्यावयाच्या मात्रेहून मोठी. ताप आला, वेदना झाल्या, आणि तो कामावर जात राहिला.

त्यानंतरची पायरी भायखळ्याच्या तुरुंगातली. तेथे प्लेग शिरला होता. महिनाअखेर कैद्यांना विचारण्यात आले आणि सुमारे निम्म्यांनी टोचून घेतले. दोन्ही गट एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर. टोचून न घेतलेल्यांत रोगी अधिक निघाले आणि मृत्यूही त्यांच्यातच झाले. शास्त्राच्या दृष्टीने ही तुलना इतकी स्वच्छ होती की हाफकिनचे नाव झाले. पण आज आपण विचारू, की कैद्याची संमती ती कितपत संमती? ‘नको’ म्हणण्याची मोकळीक असल्याखेरीज ‘हो’ला किंमत येत नाही, आणि साहेब दारात उभा असता ‘नको’ म्हणणे सर्वांनाच जमते असे नाही. पुढे १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल येथे एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले आणि १९ माणसे दगावली. दोष हाफकिनच्या माथी मारण्यात आला. तो निर्दोष ठरला, पण त्याला वर्षे लागली. नव्या औषधाच्या पहिल्या दिवसांत कोणकोणते धोके दबा धरून बसलेले असतात, याचे सारे धडे मुंबईने असे सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतले होते. ते कागदावर उतरावयास मात्र दुसरे महायुद्ध व्हावे लागले. जर्मन छावण्यांतल्या वैद्यांनी कैद्यांवर केलेले अत्याचार न्यूरेंबर्गच्या खटल्यात उघडे पडले, आणि १९४७ साली जगाने प्रथमच स्पष्ट लिहून ठेवले, की माणसाच्या खुषीच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग नाही.

प्लेग ओसरला, आणि काळाच्या ओघात कर्करोग डोळ्यांवर येऊ लागला. १९३१ साली मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी पुढल्याच वर्षी त्या रोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापला आणि काही आठवड्यांत तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी परळला उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९५२ साली त्याला जोडून संशोधनाची संस्था निघाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. वसंत खानोलकर. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एका मराठी बाईंचे नाव येथे घेतलेच पाहिजे: डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या समर्थांच्या घरची ही मुलगी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी-संवर्धन शिकली. माणसाच्या पेशी शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवावयाच्या आणि वाढवावयाच्या, ही ती विद्या. परत येऊन त्यांनी मुंबईत तिची प्रयोगशाळा उभी केली. त्या प्रकारची ती देशातील पहिली. पेशींना खाऊ-पिऊ घालून, त्यांना जंतुसंसर्ग होऊ न देता आठवडे-महिने सांभाळणे हे काम गायीगुरांच्या निगेइतकेच चिकाटीचे असते. आजचा उपचार त्याच चिकाटीवर उभा आहे.

१९६२ मध्ये रुग्णालय अणुशक्ती विभागाकडे गेले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था एक झाल्या. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९८३ चा. त्या वर्षी डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटात देशातील पहिले अस्थिमज्जा-रोपण केले. लहानपणी पोलिओ झाल्याने हे डॉक्टर चाकांच्या खुर्चीतून रोगी पाहात. हाडाच्या पोकळीतील मगज हा रक्ताचा कारखाना. रोगट कारखाना औषधांनी मोडून टाकावयाचा आणि भावंडाचा निरोगी मगज शिरेतून सोडून नवा उभारावयाचा, असा तो उपचार. रोग्याला प्रतिकारशक्ती नसलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे जपणाऱ्या परिचारिका, रक्तपेढी, गाळीव हवेच्या खोल्या, हे सर्व त्यातून तयार झाले. नव्या शतकाच्या आरंभी संशोधन खारघरच्या प्रशस्त जागेत गेले, मागाहून रोपण-विभागही तेथे आला. २०२१ साली त्या पलंगाभोवती जी माणसे उभी होती, त्यांच्या हातांना सवय या विभागाने लावली होती. नवे औषध नेहमी जुन्या व्यवस्थेच्या खांद्यावर बसून येते. वर्तमानपत्रांत मात्र औषधाचेच छायाचित्र छापून येते!

आता ते औषध काय, हे पाहू.

आपल्या रक्तात ज्या श्वेतपेशी आहेत त्यांत एक जात ‘टी’ पेशींची. छातीत, हृदयाच्या वरच्या अंगाला, थायमस नावाची ग्रंथी असते. वयाबरोबर ती आक्रसत जाते, म्हणून मराठी पाठ्यपुस्तकांनी तिला ‘यौवनलोपी’ असे भारदस्त नाव दिले आहे. तिचा उपयोग काय हे १९६१ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी जॅक मिलर यांनी लंडनमध्ये उंदरांवर दाखवून दिले की शरीराचे लढवय्ये येथेच शिकून तयार होतात. थायमसच्या आद्याक्षरावरून त्या टी पेशी. विषाणूने बिघडलेली पेशी त्या ओळखतात आणि मारतात. मग कर्करोगाची पेशी का मारीत नाहीत? कारण ती परकी नसते. ती घरातलीच, वाट चुकलेली, आणि ओळख लपविण्यात तरबेज असते. गस्तवाला दारावरून जातो, पण आतला चोर घरच्याच माणसासारखा दिसतो.

१९८९ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. तिच्याशी मिळताजुळता प्रयोग दोन वर्षे आधी जपानातही झाला होता. रक्तातील प्रतिपिंडे म्हणजे लक्ष्य अचूक ओळखणारे, पण मारण्यात दुबळे रेणू. टी पेशी मारण्यात निष्णात, पण हे लक्ष्य तिला दिसत नाही. तेव्हा प्रतिपिंडाचा ओळखणारा तुकडा टी पेशीच्या मारणाऱ्या यंत्रणेला जोडून द्यावयाचा. या जोडाला ‘कायमेरिक’ असे नाव पडले. कायमेरा हा ग्रीक पुराणातला प्राणी: सिंह, शेळी आणि साप यांची मिळून एक काया. आपल्याला ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. होडीतून जंजिऱ्याच्या दरवाजाशी उतरले की हत्तींना पंजांत धरलेला शरभ दगडात कोरलेला दिसतो. तोही असाच, अनेक प्राण्यांचा मिळून झालेला. ‘कार-टी’ म्हणजे शरभाचे मुख लावलेली टी पेशी, असे आपण समजू.

ती करण्याची रीत अशी. रोग्याचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील श्वेतपेशी काढून घेतात आणि बाकीचे रक्त त्याला परत देतात. त्या पेशींत नव्या मुखाचे जनुक घालावयाचे असते, आणि त्यासाठी वाहन म्हणून जो विषाणू वापरतात तो एड्सच्या विषाणूच्या कुळातला, दात काढलेला. पेशींत शिरून आपले जनुक तेथे कायम बसविणे ही त्याची खोड. तीच येथे कामी येते. मग आठवडा-दीड आठवडा या पेशी वाढवितात आणि गोठवून ठेवतात. रोग्याला आधी थोडी औषधे देऊन त्याच्या जुन्या श्वेतपेशी कमी करतात, म्हणजे नव्यांना जागा होते, आणि मग शिरेतून त्या सोडतात. सोडण्याचे काम थोड्या मिनिटांचे. खरी चिंता तेथून पुढे.

कारण औषधाची मात्रा ही जी कल्पना आपल्या अंगवळणी पडली आहे, ती येथे मोडते. शंभर मिलिग्रॅमची गोळी पोटात गेली की शंभराची नव्वद होते, ऐंशी होते, आणि संपते. ही पेशी शरीरात गेल्यावर वाढते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कार्ल जून यांनी २०१० साली ज्या पहिल्या तिघांना या पेशी दिल्या, त्यांच्या शरीरात त्या हजार पटींहून अधिक वाढल्याचे दिसून आले. डॉक्टरने मोजून दिलेली मात्रा उद्या किती होईल हे डॉक्टरच्या हाती नाही. जिवंत औषध म्हणतात ते यासाठी. आणि त्याची पहिली परीक्षा कठीण तीही यासाठीच. या तिघांपैकी दोघांचा रोग पूर्ण हटला, तिसऱ्याचा काही अंशी. पहिला रोगी तुरुंगखात्यातला निवृत्त रक्षक होता. भायखळ्याला कैद्यांनी दंड पुढे केला, फिलाडेल्फियात रक्षकाने. इतिहास कधीकधी असे टाके घालतो. तीन रोगी झाल्यावर पैसे संपले आणि काम थांबले, हीही गोष्ट आपल्याकडच्यांनी लक्षात ठेवण्याजोगी. अमेरिकेतसुद्धा पैसे संपतात.

त्याच २०१० साली दुसऱ्या बाजूचा वृत्तांत छापून आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आतड्याचा कर्करोग फुप्फुसांत पसरलेल्या एका स्त्रीला अशाच घडविलेल्या पेशी, सुमारे एक हजार कोटी, देण्यात आल्या. ज्या खुणेवर त्या पेशी धावून जावयाच्या होत्या ती खूण फुप्फुसांच्या निरोगी पेशींवरही अत्यल्प प्रमाणात होती. पंधरा मिनिटांत श्वास लागला. पाचव्या दिवशी ती स्त्री वारली. तिच्या डॉक्टरांनी हे सर्व लपवून न ठेवता प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या चाचण्यांतून मात्रा थोडी ठेवून हळूहळू चढण्याकडे जो कटाक्ष दिसतो, त्यामागे हा मृत्यू आहे.

२०१२ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात सहा वर्षांच्या एका मुलीला या पेशी दिल्या गेल्या. तिचा रक्ताचा कर्करोग दोनदा उलटला होता. काही दिवसांतच ताप भडकला, रक्तदाब कोसळला, कृत्रिम श्वास लावावा लागला. पेशी काम करीत होत्या. त्या कामाचा वणवा पोरीलाच जाळू लागला होता. तपासणीत एक संदेशवाहक प्रथिन हजार पटीने वाढलेले आढळले. योगायोग असा की कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, आणि त्याच प्रथिनाला रोखणारे टोसिलिझुमॅब नावाचे संधिवाताचे औषध निघाले आहे हे त्यांना ठाऊक होते. ते देताच ताप उतरला. दहा वर्षांनी, २०२२ सालीही ती मुलगी रोगमुक्त होती. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेने या उपचाराला परवाना दिला. किंमत ठरली ४ लाख ७५ हजार डॉलर. त्या वेळच्या भावाने तीन कोटी रुपये, आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा.

तीन कोटींचा आकडा ऐकून परळच्या ओसरीवर बसणाऱ्याने काय करावे? येथे पवईचा भाग सुरू होतो.

मुंबईच्या आयआयटीत जीवशास्त्र व जैव-अभियांत्रिकी विभागात राहुल पुरवार हे हार्वर्डहून येऊन काम करू लागले होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा शरभ आपला आपण घडवावयाचे ठरविले. अमेरिकेत वापरलेले ओळखणारे मुख उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेले होते. पवईकरांनी ते मानवी प्रथिनाच्या वळणावर आणले. उंदरांवरील प्रयोगांत त्याने रोग हटला आणि वणवा मात्र कमी पेटला. पण उंदीर आणि माणूस यांत जी दरी आहे ती आयआयटीला एकट्याने ओलांडता येत नाही. तिला रुग्णालय हवे. टाटाचे बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. गौरव नरुला आणि रक्तकर्करोगतज्ज्ञ डॉ. हसमुख जैन यांच्याशी गाठ पडली. २०१८ साली आयआयटीच्या छत्राखाली इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने या पहिल्या मानवी चाचणीसाठी सुमारे १९ कोटी रुपये दिले. अमेरिकेतील औषधाच्या भावाने त्यात सहा-सात रोगी झाले असते! येथे त्यातून चाचणीची तयारी उभी राहिली.

आणि मग आला २०२१ चा उन्हाळा. करोनाची दुसरी लाट. जे टोसिलिझुमॅब या उपचारात हाताशी असलेच पाहिजे, त्याच्याच एका कुपीसाठी एप्रिल-मेमध्ये नातेवाईक शहरभर वणवण करीत होते. लाट नुकती ओसरू लागली होती तेव्हा, पवईच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी खाडी ओलांडून खारघरला आल्या आणि ४ जूनला रोग्याच्या शिरेत गेल्या.

त्या रोग्याने आधी कागदावर सही केली असणार. या सहीविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनुसार प्रत्येक चाचणी नीतिसमितीपुढे जाते. तिच्यात डॉक्टरांखेरीज एक कायदा जाणणारा आणि एक साधा, शास्त्राशी संबंध नसलेला माणूस बसतोच. संमतिपत्र रोग्याला समजेल अशा भाषेत असावे लागते, अपाय झाल्यास भरपाईची तरतूद असावी लागते, आणि मध्येच ‘नको’ म्हणण्याचा हक्क शेवटपर्यंत राहतो. भायखळ्याच्या तुरुंगापासून येथवर आपण आलो, ही लहान मजल नव्हे. तथापि कागद म्हणतो, ‘याने तुम्हाला लाभ होईलच असे नाही.’ रोगी वाचतो ते शेवटचे दोन शब्द सोडून. त्यात त्याचा अडाणीपणा नसतो. तीन-तीनदा केमोथेरपी होऊन रोग उलटलेल्या माणसाने आशा वाचू नये तर काय वाचावे? मराठीत आपण ‘प्रयोग’ आणि ‘उपचार’ हे दोन शब्द लिहिताना वेगळे ठेवतो. पलंगाशी बसलेल्या बायकोच्या कानी ते एकच होऊन जातात. हा भेद तिला समजेपर्यंत समजावणारा डॉक्टर हा या चाचणीचा तितकाच महत्त्वाचा भाग, जितकी ती पेशी.

चाचणीचे निकाल २०२५ साली ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आले. पहिल्या टप्प्यात १४ आणि दुसऱ्यात ५० असे एकूण ६४ रोगी. सर्वांचा रक्ताचा कर्करोग बी पेशींचा, आणि इतर उपचारांना दाद न देणारा किंवा उलटलेला. परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी ३७ जणांचा रोग मागे हटला, म्हणजे शेकडा ७३. उपचारामुळे दोघे दगावले. या दोघांची गणना निकालात उघड केलेली आहे. त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, भारताच्या औषध नियंत्रकांनी ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्याला परवाना दिला होता, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे औपचारिक उद्घाटन केले. त्या समारंभाची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. पहिल्या चौदा जणांची नावे कोणाला ठाऊक नाहीत आणि ती ठाऊक नसावीत हेच योग्य. पण त्यांनी घेतलेल्या जोखमीवर पुढच्या पन्नासांची मात्रा ठरली, हे इतिहासाने लिहून ठेवलेच पाहिजे.

आता गावात येऊन ज्यांना आशा लावावयाची असेल त्यांच्यासाठी या औषधाच्या मर्यादाही सांगतो. नावातला ‘१९’ हा बी पेशींवरच्या एका बिल्ल्याचा क्रमांक आहे. हा बिल्ला रोगट बी पेशींवर असतो आणि निरोगी बी पेशींवरही असतो. दोन्ही मरतात. पण बी पेशींवाचून, बाहेरून प्रतिपिंडे देऊन, माणूस जगू शकतो. म्हणूनच येथे हा उपचार साधला. तोंडाच्या, गर्भाशयाच्या, स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाला असा सोयीचा बिल्ला नाही. जी खूण गाठीवर सापडते ती निरोगी अवयवांवरही सापडते, आणि त्या अमेरिकन स्त्रीचे काय झाले ते आपण पाहिलेच. शिवाय घट्ट गाठीत शिरल्यावर टी पेशी दमून निष्प्रभ होतात. अशा कर्करोगांसाठी जगभर पहिल्या टप्प्याच्या चाचण्या चालू आहेत. रक्ताच्या रोगात मिळाले तसे यश त्यांत अद्याप आलेले नाही. कोणी दलाल ‘कार-टीने सगळे कॅन्सर बरे होतात’ म्हणून सांगू लागला, तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. आणि तोंडाच्या कर्करोगाचे म्हणाल, तर मशेरीचा डबा आणि तंबाखूची पुडी उकिरड्यावर टाकावयास आयआयटीची परवानगी लागत नाही. डॉ. खानोलकरांनी तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते दाखवून दिल्याला कित्येक दशके उलटली. त्या शोधाचा उपयोग फुकट आहे आणि तोच आपण सर्वांत कमी करतो.

पैशाचे काय? अमेरिकेतल्या तीन-चार कोटींच्या ठिकाणी हे औषध येथे तीस-चाळीस लाखांत आले. दशांश किंमत, हा पराक्रमच. पण २०२३ साली महाराष्ट्र सरकारने आपल्या जन आरोग्य योजनेची मर्यादा वाढविली ती कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हसळ्याच्या बाजारपेठेत दुकान चालविणाऱ्याला, खाडीत जाळे टाकणाऱ्याला, किंवा ज्याचा मुलगा आखातातून महिन्याला पैसे धाडतो त्यालाही उरलेली रक्कम म्हणजे घर आणि वाडी. त्यात आणखी महिनाभर रुग्णालयाजवळ बिऱ्हाड करून राहावयाचे, कारण ताप रात्री दोन वाजता चढतो आणि तेव्हा माणगावचा घाट उतरत बसण्याइतका वेळ नसतो. चाचणीत भाग घेणाऱ्याला औषधाचे पैसे द्यावे लागत नाहीत. परवाना मिळाल्यावर द्यावे लागतात. म्हणजे जोखीम होती तेव्हा फुकट, आणि खात्री वाढली तेव्हा तीस लाख. यात कोणाची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. कारखाना चालवावयाचा तर पैसा लागतोच. पण ज्या चाचणीला सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करांतून, पैसे गेले, तिच्या फळाचा भाव ठरताना करदात्याने दोन प्रश्न विचारावेत यात काही वावगे नाही. बेंगळूरुच्या एका कंपनीनेही २०२५ च्या आरंभी असेच औषध बाजारात आणले आहे. दोन दुकाने झाली की भाव उतरतो, हे पेठेतल्या माणसांना मी सांगावयास नको.

एक गोष्ट राहिली. या पेशींत घातलेले जनुक तेथे कायमचे बसते. ते चुकीच्या जागी बसून वर्षांनी दुसराच कर्करोग तर उद्भवणार नाही ना, ही शंका आरंभापासून आहे; आणि असे काही मोजके रोगी आढळल्यावरून २०२३-२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वर्गातील औषधांवर इशारा छापावयास लावला. म्हणून अशा उपचारानंतर रोग्यावर पंधरा वर्षे नजर ठेवावी अशी त्या प्रशासनाची अपेक्षा असते. वर्षातून ठरलेल्या वेळी बोलवावयाचे, रक्त घ्यावयाचे, नोंद करावयाची. त्या मापाने पाहिले, तर खारघरला जून २०२१ मध्ये उघडलेल्या वहीत शेवटची नोंद जून २०३६ मध्ये व्हावयाची आहे.